इराणला केळी पाठवताना: अमेरिकी खटल्यात न अडकण्यासाठी कागद कसे तपासायचे

रावेर-सावद्याच्या पॅकहाऊसमधली केळी बंदर अब्बासला जाते, यात गुन्हा काही नाही. अमेरिकेच्या निर्बंधांतही अन्नाला सवलत आहे, आणि एकट्या अमेरिकेने लादलेले निर्बंध भारत मानत नाही. परदेशी व्यापाऱ्यावर खटला उभा राहतो तो डॉलरवर आणि खोट्या कागदावर.

आधी डॉलर. दुबईच्या बँकेतून जळगावच्या खात्यात येणारा डॉलर बहुधा न्यूयॉर्कच्या एखाद्या बँकेतून फिरून येतो. इराणशी निगडित डॉलर तसे फिरवण्याची सवलत अमेरिकेने नोव्हेंबर २००८ मध्ये बंद केली. त्या बँकेला अंधारात ठेवून तिच्याकडून असं काम करवून घेतलं, की माणूस कधी अमेरिकेत गेला नसला तरी १९७७ च्या 'आयीपा' या आर्थिक निर्बंधांच्या कायद्याखाली आरोपी होतो. जाणूनबुजून केलं असेल तर २० वर्षांपर्यंत कैद. बँक फसवणुकीचं कलम लागलं तर ३० वर्षांपर्यंत. म्हणून प्रोफॉर्मा इनव्हॉइसमध्येच, म्हणजे माल पाठवण्याआधीच्या कच्च्या बिलातच, चलन रुपया किंवा दिरहम लिहा. पैसे तिसऱ्या कंपनीकडून येणार असतील तर खरेदीदार, ती कंपनी आणि तुम्ही असा त्रिपक्षीय करार करून बँकेला आधीच द्या.

मग नावं. अमेरिकी ट्रेझरीचं 'ओफॅक' हे निर्बंध राबवणारं कार्यालय आहे; निर्बंध लागलेली माणसं, कंपन्या आणि जहाजं यांची त्याची यादी इंटरनेटवर फुकट शोधता येते, पण शोधाच्या पानावर जुळणीचा आकडा मुळात १०० वर असतो, म्हणजे तंतोतंत स्पेलिंगच सापडतं. फारसी नावं इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिली जातात. आकडा ८५ च्या आसपास आणा आणि खरेदीदार, त्याचे मालक, बँक, जहाज सगळं एकेक करून शोधा. जहाजासाठी नाव नको, सात आकडी आयएमओ नंबर, म्हणजे जहाजाचा कायमचा नोंदणी क्रमांक, टाका. नाव रंगवून बदलता येतं. यादीतल्या लोकांचा मिळून ५० टक्के किंवा जास्त वाटा असलेली कंपनी यादीत नसली तरी यादीत असल्यासारखीच धरली जाते. इराणची सरकारी जहाज कंपनी आयआरआयएसएल यादीत आहे. माल केळी असला तरी तिच्या जहाजावर चढवू नका, अन्नाची सवलत तिथे आधाराला येत नाही.

सगळ्यात जास्त माणसं घसरतात ती बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या आणि कुठे जाणार त्याच्या शिपिंग कंपनीच्या पावतीवर. दलालाचा व्हॉट्सॲप येतो: "भाऊ, कागदावर बंदर अब्बास नको, जेबेल अली टाका, पुढचं आम्ही बघतो." जेबेल अली हे दुबईचं बंदर. पुढे दुबईत पहिलं बिल जमा करून दुसरं काढतात, त्याला स्विच बिल म्हणतात. पुरवठादाराचं नाव ग्राहकापासून लपवायला व्यापारी ते सर्रास वापरतात, तेवढं चालतं. पण माल कुठे जाणार हे माहीत असून मुक्काम बदलला, तर सरकारी वकिलाला हवा असलेला 'हेतू' तुम्हीच लिहून दिला. कंटेनरची चार अक्षरं आणि सात आकडे टाकले की तो जेबेल अलीहून कुठे गेला हे शिपिंग कंपनीच्या साइटवर दिसतं. अशा मेसेजला "कागदावर खरंच बंदर लागेल" असं लेखी उत्तर द्या. गप्प राहणं पुढे संमती म्हणून वाचलं जातं.

वजनही खरं लिहा. चाळीस फुटी रीफरमध्ये, म्हणजे थंड कंटेनरमध्ये, साधारण २० टन केळी बसते; त्याहून फार जास्त लिहिलं तर व्यवहार कागदावरचाच वाटतो. तुर्कस्तानच्या हाल्कबँक या सरकारी बँकेच्या प्रकरणात न झालेल्या अन्नखरेदीचे कागद दाखवून इराणचा पैसा मोकळा केल्याचा आरोप होता. तेव्हापासून अन्नाच्या बिलाकडेही संशयाने पाहतात. त्याच प्रकरणात सोनेव्यापारी रेझा झराब मार्च २०१६ मध्ये मायामीला उतरताच धरला गेला, आणि बँकेचे अधिकारी मेहमेत हकन अटिला २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर. आरोपपत्र सीलबंद ठेवून माणूस प्रवासाला निघण्याची वाट पाहणं ही अमेरिकेतली नेहमीची पद्धत आहे.

केळीबरोबर पंप, कंट्रोलर, सेन्सर अशी ऑर्डर आली तर हिशोबच वेगळा. अमेरिकी बनावटीचे नियंत्रित भाग किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त असलेली वस्तू इराणला पाठवायला अमेरिकेचा परवाना लागू शकतो. आपल्याकडची स्कोमेट यादी, म्हणजे लष्करी उपयोगही होऊ शकणाऱ्या आणि निर्यातीला परवाना लागणाऱ्या वस्तूंची यादी, हीही पाहावी लागते.

अमेरिकी तपास अधिकाऱ्याचा ईमेल आला तर स्वतः खुलासा लिहू नका, आणि काहीही डिलीट करू नका. पुरावा नष्ट करणं हा तिथे स्वतंत्र गुन्हा आहे, त्यालाही २० वर्षांपर्यंत शिक्षा. एक वकील इथला आणि एक अमेरिकेतला, दोन्ही लागतील. अमेरिकेने २०२४ मध्ये निर्बंधभंगाचा खटला भरण्याची मुदत ५ वरून १० वर्षं केली आहे, त्यामुळे इनव्हॉइस, बिल, स्विफ्टची (बँकेच्या परदेशी पैसे-संदेशाची) प्रत आणि चॅट दहा वर्षं जपा.

भारतातून प्रत्यार्पण १९९७ च्या कराराने आणि १९६२ च्या कायद्याने, मॅजिस्ट्रेटसमोर चौकशी होऊन होतं. कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असावं लागतं. निर्बंध मोडले, एवढाच आरोप असेल तर इथे बचाव उभा राहू शकतो. बनावट बिल ऑफ लेडिंगवर तो उभा राहत नाही, म्हणून वकील फाइल उघडून आधी तेच मागतो.