प्लेगच्या वर्षाचे कागद शोधताना

एमए किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षाची मुलं विचारायला येतात तेव्हा तक्रार बहुधा एकच असते: डेटाबेसमध्ये काहीच मिळत नाही. काय टाकून शोधलंस म्हणून विचारलं की उत्तर येतं, ‘पुणे प्लेग १८९७’. त्यावर मिळतात ते अलीकडचे लेख, पुस्तकांची परीक्षणं, फार तर एखादा प्रबंध. १८९७ सालात कुणी लिहिलेला एकही कागद नाही.

माझं स्वतःचं काम त्याच वर्षावर झालं, म्हणून उदाहरणही तेच घेते. शोधपेटीत काही टाकण्याआधी कोऱ्या कागदावर एक गोष्ट लिहून काढावी: या घटनेबद्दल त्या वेळी कागद कोण तयार करत होतं? सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईत मांडवीला प्लेगचे रोगी सापडले. फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोगांचा कायदा आला, पुण्यात रँड या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी बसली आणि मार्चपासून सोल्जर घरोघर झडत्या घेऊ लागले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. एवढ्या घटनाक्रमात कागद करणारे किती झाले बघा. सरकारी खाती, डॉक्टर, मिशनरी, देशी आणि इंग्रजी वर्तमानपत्रं, पोलीस, कोर्ट, लंडनची पार्लमेंट. प्रत्येकाचे कागद वेगळ्या ठिकाणी गेले आणि आज वेगळ्या डेटाबेसमध्ये बसले आहेत. सगळ्यांना एकाच पेटीतून हाक मारली तर कुणीच ओ देणार नाही.

सरकारी कागदांसाठी खातं ओळखावं लागतं. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर फुकट नोंदणी होते, पण तिथे बहुतेक वेळा फाईलच्या शीर्षकातच शोध होतो, आतल्या मजकुरात नाही. आणि शीर्षक दिलेलं असतं त्या काळच्या कारकुनाने, त्याच्या भाषेत. त्याच्या लेखी पुणे म्हणजे ‘पूना’, सोलापूर म्हणजे ‘शोलापूर’. ‘स्त्रियांवरील अत्याचार’ असं शीर्षक तो कधीच देणार नाही. ‘प्लेगविषयक उपाययोजनांबाबत तक्रारी’ असं काहीतरी देईल. म्हणून होम डिपार्टमेंट, त्यातली सॅनिटरी शाखा, त्यातला प्लेग हा उतरता रस्ता धरावा आणि वर्ष लावून सगळी शीर्षकं डोळ्यांखालून घालावीत. कंटाळवाणं आहे, पण दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही. मुंबई इलाख्याचे कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात आहेत, जनरल डिपार्टमेंटच्या प्लेगच्या खंडांमध्ये. तिथे जावंच लागतं. छापील अहवाल मात्र घरबसल्या मिळतात. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या वैद्यकीय अहवालांचा मोठा संग्रह खुला केला आहे. लंडनच्या वेलकम कलेक्शनमध्ये अहवालांबरोबर प्लेगच्या काळातले फोटोही आहेत. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयाने आपली जुनी पुस्तकं स्कॅन करून ठेवली आहेत, ती जवळची असूनही मुलांना शेवटी आठवतात.

आता वर्तमानपत्रं. इथे जरा जास्त थांबते, कारण माल इथेच आहे. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे १८३८पासूनचे अंक प्रोक्वेस्ट या वर्गणीच्या डेटाबेसमधल्या ऐतिहासिक वर्तमानपत्रांच्या संग्रहात आहेत. तुमच्या विद्यापीठाने वर्गणी भरली आहे का, हे ग्रंथपालांना विचारा. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्र सरकारची योजना आलीय म्हणून सगळं मिळेल अशी समजूत करून घेऊ नका. ती योजना मुख्यतः संशोधनपत्रिकांची आहे. प्रोक्वेस्टमध्ये तारखेची मर्यादा घातली की अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं ‘दस्तऐवजाचा प्रकार’ या खिडकीत आहे. अग्रलेख, वाचकांची पत्रं आणि जाहिराती वेगळ्या काढता येतात. कोणतं औषध प्लेगवर रामबाण म्हणून विकलं जात होतं, हे कुठल्याच अहवालात मिळणार नाही.

पण ते झालं इंग्रजांचं पत्र. देशी पत्रांसाठी एक चमत्कारिक साधन आहे. सरकारचा भाषांतर विभाग देशी वर्तमानपत्रांतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्याला काढून वरिष्ठांना पाठवत असे. या ‘नेटिव्ह न्यूजपेपर्स’ अहवालांचे खंड जेस्टोर या संकेतस्थळावरच्या साउथ एशिया ओपन आर्काइव्हजमध्ये बघा. तो संग्रह खुला आहे, वर्गणी लागत नाही. ज्यांचे मूळ अंक आज हाती लागत नाहीत अशा छोट्या पत्रांचा आवाज कधीकधी एवढाच उरला आहे. मात्र तो आवाज सरकारी कानातून आलेला आहे. भाषांतरकाराने उचललं ते राजद्रोहाचा वास येणारं. त्याच अंकातली पाककृती किंवा नाटकाची जाहिरात त्याने सोडली. म्हणून ‘केसरी’चा उतारा अहवालात सापडला की तारीख टिपायची आणि मूळ अंकातला सबंध लेख काढून दोन्ही शेजारी ठेवायचे. गोषवाऱ्यात टिळकांचा उपरोध बहुधा गळालेला असतो.

एका धाग्यावरून दुसरीकडे कसं जायचं, तेही सांगते. १८९७मध्ये गोपाळ कृष्ण गोखले हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्षीसाठी इंग्लंडात होते. पुण्यात सोल्जरांनी स्त्रियांची बेअब्रू केल्याचे आरोप त्यांनी तिथे केले, ते ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये छापून आले, आणि परतल्यावर पुरावा उभा करता न आल्याने त्यांना जाहीर माफी मागावी लागली. हे एवढं प्रकरण कुठल्याही चरित्रात मिळतं. पण शोधणाऱ्याने विचारायचं, आरोप गोखल्यांपर्यंत पोचले कसे? पुण्याहून आलेली मित्रांची पत्रं होती, आणि पंडिता रमाबाईंचं ‘बॉम्बे गार्डियन’ या मिशनरी पत्राला लिहिलेलं पत्रही होतं. म्हणजे एक धागा ब्रिटिश वर्तमानपत्रांच्या संग्रहात, दुसरा मिशनरी नियतकालिकांत, तिसरा ‘टाइम्स’च्या पत्रव्यवहारात. चौथा पार्लमेंटात. हॅन्सार्डचे, म्हणजे पार्लमेंटातल्या भाषणांचे, जुने वृत्तांत फुकट वाचता येतात. तिथे ‘प्लेग’ऐवजी ‘नातू’ टाकून पाहा. पुण्याच्या सरदार नातू बंधूंना खटला न चालवता अटकेत ठेवलं, त्यावर विचारलेले प्रश्न निघतात. माणसाचं नाव हा विषयाच्या नावापेक्षा कितीतरी चांगला शोधशब्द असतो. फक्त स्पेलिंगं सगळी टाकावीत. रँडला मारणाऱ्या चापेकर बंधूंच्या एका आडनावाची रोमन लिपीत दोन-तीन रूपं सहज होतात.

देवनागरीत शोध जवळजवळ चालत नाही हे गृहीत धरा. जुन्या शिळाप्रेसच्या किंवा झिजलेल्या टाइपाच्या छपाईवर संगणकाचं अक्षरवाचन कोलमडतं. अशा वेळी छापील सूचीला पर्याय नाही. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तर सुरुवातच तिथून करावी. शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची १८०० ते १९३७ या काळातली पुस्तकं सांगते आणि नियतकालिकांची सूची १९५०पर्यंत येते. ‘करमणूक’ हे साप्ताहिक १८९०मध्ये हरिभाऊ आपट्यांनी सुरू केलं. प्लेगच्या वर्षात त्यात काय छापलं जात होतं, हे कुठलीही शोधपेटी सांगणार नाही. सूचीवरून ते कुठल्या ग्रंथालयात आहे हे काढून अंक उलटावे लागतात. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, पुण्याची जुनी ग्रंथालयं, हे सगळे दरवाजे ठोठवा. जुन्या मराठी पुस्तकांवर सालाऐवजी शालिवाहन शक असतो, तोही बघून घ्या. शके १८१८ म्हटल्यावर १८९६ लिहून मोकळं होऊ नये. ते वर्ष १८९७च्या चैत्रापर्यंत जातं, म्हणजे रँड पुण्यात आला तेव्हाही शके १८१८च चालू होता.

शोधगंगा या भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या संकेतस्थळावरचे प्रबंध वाचू नका असं कुणी सांगेल, कारण ती दुय्यम साधनं. मी मात्र आधी त्यांच्या शेवटच्या पानांवर जाते. खात्याचं नाव, खंड क्रमांक, फाईल क्रमांक तिथे आयते मिळतात. ते उचलून उद्धृत करायचे नाहीत. चिठ्ठीवर लिहून पुराभिलेखागारात मागणी करायची आणि स्वतः पाहायचे.

आणि जे मिळेल त्याची नोंद त्याच मिनिटाला करायची. संग्रहाचं नाव, फाईल किंवा अंकाचा क्रमांक, छापील पान आणि स्क्रीनवरचं पान हे दोन्ही, कायमस्वरूपी दुवा, पाहिल्याची तारीख. कुठले शब्द टाकून काहीच निघालं नाही, तेही लिहा. मार्गदर्शक बाई तीन महिन्यांनी हमखास तेच विचारतात.