फाइल सेव्ह होईना? अँटिव्हायरस बंद करू नका

लातूरच्या आडतीवरचं हिशेबाचं सॉफ्टवेअर असो की नांदेडच्या डीटीपीवाल्याचं जुनं पेजमेकर, 'डॉक्युमेंट्स'मध्ये सेव्ह करताना 'फाइल नॉट फाउंड' असा उलटाच मेसेज आला, तर विंडोजमधलं 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' चालू आहे का बघा. रॅन्समवेअर, म्हणजे फायली अडकवून खंडणी मागणारे व्हायरस, रोखण्यासाठी लावलेलं हे कुलूप अनोळखी पण साध्या सॉफ्टवेअरलाही अडवतं. विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, सगळ्यात खाली मॅनेज रॅन्समवेअर प्रोटेक्शन. तिथे 'अलाऊ ॲन ॲप', मग 'ॲड ॲन अलाऊड ॲप'. 'रिसेंटली ब्लॉक्ड ॲप्स'मध्ये आपल्या सॉफ्टवेअरचं नाव दिसलं की अधिकचं चिन्ह दाबा आणि सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा. सगळं प्रोटेक्शनच काढा म्हणणाऱ्याचं ऐकू नका. दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लागतात! ॲडमिनचा पासवर्ड तेवढा हाताशी ठेवा, तो मागितला जाऊ शकतो.