पावसात उघड्यावर राजकीय घोषणा करायची असेल तर

इंदूर महापालिकेचं मागचं मतदान ६ जुलै २०२२ ला झालं. मुदत पाच वर्षांची. म्हणजे पुढच्या वेळीही पार्षदाची (नगरसेवकाची) उमेदवारी, वॉर्डाचा जाहीरनामा वगैरे सगळं जूनच्या आंधीत नाहीतर पहिल्या पावसात उरकावं लागणार, असंच धरून चाला.

आधी ठरवा, हे उघड्यावर करायचंच कशाला? १८ ऑक्टोबर २०१९ ला साताऱ्यात शरद पवार भर पावसात बोलले आणि ती सभा गाजली. २२ मे २०२४ ला तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान ऋषी सुनक यांनी लंडनला पंतप्रधान निवासाच्या दारात पावसात उभं राहून निवडणूक जाहीर केली. चर्चा झाली ती भिजलेल्या कोटाची, आणि फाटकाबाहेर कुणीतरी मोठ्याने लावलेल्या गाण्याची. साताऱ्यात समोरची माणसंही नेत्याबरोबर भिजत होती. प्रचारसभेत असं एकत्र भिजणं चालून जातं. नावं, तारखा, आकडे सांगायचे असतील आणि समोर फक्त कॅमेरे असतील, तर भिजलेला माणूस केविलवाणा दिसतो. अशी घोषणा छताखालीच करा. राजवाड्यासमोर बेत असेल तर गांधी हॉलसारखी जवळची जागा आधीच बोलून ठेवा. एसडीएमकडच्या (उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडच्या) आणि पोलीस ठाण्यातल्या अर्जात दोन्ही जागा लिहा. पावसाने कार्यक्रम लांबतो आणि रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावाच लागतो, म्हणून सुरुवात चारनंतरची ठेवू नका.

रद्द करायचा अधिकार एकाच माणसाला द्या, आणि तो उमेदवार नसावा. उमेदवार नेहमी ‘होऊन जाऊ द्या’ म्हणतो. आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा बघा. ऑरेंज किंवा रेड असेल तर सरळ हॉल. यलो असेल तर तयारी दोन्हीकडे. कार्यक्रमाच्या तीन तास आधी नाउकास्ट बघा (हवामान खात्याचा ताजा अंदाज, तो पुढच्या तीन तासांपुरताच असतो), आणि त्यानंतर आकाशातल्या विजेसाठी ‘दामिनी’ ॲप उघडं ठेवा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. मैदान तिथेच रिकामं करा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणाला परत येऊ देऊ नका. मंडप म्हणजे विजेपासून आसरा नव्हे. पक्की इमारत किंवा बंद गाडी हवी.

खरा शत्रू पाऊस नाही, वारा आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. मंचामागचा वीस बाय दहा फुटांचा फ्लेक्स ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यात दीडशे किलोच्या आसपास जोराने ढकलला जातो; ६० च्या वाऱ्यात सव्वातीनशे. त्याला मधे फुलीच्या आकाराच्या चिरा पाडल्या की काम झालं, असं टेंटवाला सांगेल. त्याने फारसा फरक पडत नाही. जाळीचा फ्लेक्स घ्या किंवा उंची निम्मी करा, आणि तो मंडपाच्या खांबांना न बांधता स्वतंत्र चौकटीवर लावा, म्हणजे गेलाच तर एकटा जाईल. वारा वाढला की आधी फ्लेक्स उतरवायचा, फोटो झालेले असोत वा नसोत.

माळव्याची काळी माती इथे दगा देते. सकाळी घणाचे वीस घाव घालून ठोकलेली खुंटी तासाभराच्या पावसानंतर हाताने उपटून येते. दसरा मैदान असो की चिमणबाग, फक्त खुंट्यांवर विसंबू नका. प्रत्येक कोपऱ्याच्या ताणाला पाण्याने भरलेला दोनशे लिटरचा ड्रम बांधा, आणि दोर ड्रमच्या तोंडाला नाही तर बुडाला, नाहीतर ड्रम कलंडतो.

ताडपत्री सपाट ताणू नका. दर चार फुटांना एक फूट उतार द्या आणि खाली तीन-तीन फुटांवर वासे टाका. पंधरा बाय पंधरा फुटांच्या झोळीत सरासरी दोन इंच पाणी साचलं तरी वजन एक टनावर जातं. फुगा आला की पोरं खालून बांबूने ढोसतात आणि सगळं पाणी साउंडवाल्याच्या मिक्सरवर येतं. फुगा छोटा असतानाच कडेच्या बाजूने पाणी काढा, खालची माणसं हलवून.

जून २०१९ मध्ये राजस्थानात तेव्हा बाडमेर जिल्ह्यात असलेल्या जसोलला कथेचा मंडप वादळात कोसळला, त्यात करंटही उतरला आणि डझनाहून जास्त माणसं गेली. त्यामुळे विजेच्या बाबतीत घासाघीस नको. जनरेटर मंडपाबाहेर, विटांवर उचलून ठेवा. वरून छत्र द्या, पण हवेच्या जाळ्या झाकू नका. मेनमध्ये ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (करंट गळला की ‘पडून’ पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. आता मेख इथे आहे: भाड्याच्या बऱ्याच जनरेटरचा न्यूट्रल अर्थशी (जमिनीशी) जोडलेला नसतो. मग फेज ओल्या पाइपाला लागली तरी ईएलसीबी पडत नाही. त्यावरचं टेस्टचं बटण दाबलं की मात्र तो तेव्हाही छान पडतो, आणि सगळे निर्धास्त होतात. म्हणून परवानाधारक वायरमनकडून अर्थ रॉड ठोकून न्यूट्रल जोडून घ्या, आणि लोखंडी खांब, मंच, कमान सगळं त्याच अर्थला बांधा. ओला बांबूही करंट वाहतो, हे लक्षात असू द्या.

वायरी जमिनीवरून नाही, आठ फुटांवरून न्या. पट्टी गुंडाळलेला जोड पावसात चालत नाही; झाकणाचा इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट घ्या. बोर्डात शिरण्याआधी वायरीला खाली झोल द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी तिथेच गळतं. दिवे आयपी ६५ (पाण्याच्या फवाऱ्यातही टिकणारे) एलईडी. तापलेल्या हॅलोजनची काच थेंबाने तडकते. आणि ईएलसीबी सारखा पडायला लागला की वायरमन तो काढून ‘डायरेक्ट’ करतो. तसं केलं तर कार्यक्रम थांबवा.

माइक साधा डायनॅमिक, वायरचा, फोमची टोपी घालून. कंडेन्सर प्रकारचा माइक दमट हवेत खरखरतो. मिक्सरवर लो-कट (खालच्या पट्टीचे आवाज कापणारं बटण) दाबून ठेवा, वाऱ्याची घरघर बरीच कमी होते. स्पीकर थोडे खाली झुकवा, वरून-मागून प्लास्टिक, पुढून उघडे. ॲम्प्लिफायर पूर्ण गुंडाळला तर तापून बंद पडतो. ताडपत्रीवरच्या थेंबांचा ताशा माइकमध्ये येतो, त्यासाठी मंचावरच्या भागावर गोणपाट अंथरा. भिजल्यावर ते जड होतं, तेव्हा तिथे वासे दुप्पट.

भाषण मोबाइलवरून वाचायचं नाही, ओल्या बोटांनी स्क्रीन सरकत नाही. लेझर प्रिंट काढा (इंकजेटची शाई ओघळते), मोठ्या अक्षरात, वहीच्या अर्ध्या पानाएवढं, पारदर्शक कव्हरात. पांढरा खादी कुर्ता भिजला की बनियन दिसतो. वर गडद बंडी असू द्या. छत्री धरणारा माणूस उजव्या खांद्यामागे, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर. आणि पत्रकारांनाही छत द्या.

उतरवताना आधी जनरेटर बंद, मग वायरी, मग स्पीकर, कापड शेवटी. ओल्या वायरी तशाच गुंडाळल्या तर पुढच्या कार्यक्रमाला त्याच करंट मारतात, म्हणून दुसऱ्या दिवशी उन्हात पसरून मगच गोदामात टाका.