मुंबईच्या उकाड्यात वाइन चाखताना

रेड वाइन ‘रूम टेम्परेचर’ला प्यावी, हा सल्ला युरोपातल्या थंड घरांसाठी आहे. तिथली खोली म्हणजे १६ ते १८ अंश. मे महिन्यात दादरच्या फ्लॅटमध्ये पारा सहज ३२ वर जातो, आणि इतक्या गरम शिराझमधून (ही एक रेड वाइन) नाकात शिरतो तो नुसता अल्कोहोलचा भपका. म्हणून रेडसुद्धा पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवायची. व्हाइटचं उलट. रात्रभर फ्रिजमध्ये राहिलेली बाटली ४-५ अंशांवर असते आणि तिचा वास दबून जातो; ती पंधरा मिनिटं आधी बाहेर काढा.

एकच वाइन चाखून फारसं कळत नाही, शेजारी दुसरी हवी. सुरुवातीला नाशिककडच्या सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या दोन व्हाइट वाइन घ्या, आणि चार जणांत वाटा. प्रत्येकाला ५० मिली पुरे. ग्लास एक तृतीयांशाहून जास्त भरला तर वास मोकळा करायला फिरवताना सांडतो, शिवाय वास साठायला जागा उरत नाही. नवख्यांनी ग्लास टेबलावरच ठेवून फिरवावा.

वासाला नावं मात्र आपल्या स्वयंपाकघरातलीच द्या. परदेशी वर्णनांतलं गूजबेरी आपल्यापैकी कितीजणांनी हुंगलंय? चार वाट्यांत पिकला पेरू, ढोबळी मिरची, लिंबाची साल आणि ठेचलेली मिरी घ्या. आधी वाटी हुंगायची, मग ग्लास. सोव्हिन्योंमध्ये पेरू आणि ढोबळी मिरची बहुधा सापडतात. शिराझमध्ये मिरी, कारण रोटंडोन हे संयुग दोन्हींत असतं. काहींना त्याचा वास येतच नाही. त्यांनी उगाच हो म्हणू नये. त्या वेळी घरात फोडणी, उदबत्ती, अत्तर काहीही नको.

मग छोटा घोट घ्या आणि दहा सेकंद तोंडात घोळवा. गालांच्या आत पाणी सुटलं तर ते आम्लाचं काम. हिरड्या कोरड्या पडून ओढल्यासारख्या झाल्या तर टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून येणारा घटक. त्याला आपल्याकडे ‘तुरट’ हा नेमका शब्द आहेच; फार उकळलेला कोरा चहा पिऊन बघा, लगेच ओळख पटेल. गिळल्यावर चव किती सेकंद रेंगाळते तेही मोजा. सगळे नमुने गिळायचे नसतात, थुंकायला स्टीलचं भांडं ठेवा.

वाइनला पावसाळ्यात माळ्यावर भिजलेल्या रद्दीसारखा वास आला, तर बुचातून आलेला दोष आहे. बाटली परत करा. बूच वर सरकलेलं किंवा मानेवर चिकट ओघळ दिसला, तर ती उन्हात तापली असण्याची शक्यता जास्त. दुकानाच्या काचेत मांडलेली बाटली घेऊच नये.

खाणं वाइन चाखून झाल्यावरच. लिंबू पिळलेली सुरमई सोव्हिन्योंबरोबर छान लागते. मालवणी रश्शासोबत कॅबर्नेसारखी तुरट रेड मात्र नको, अल्कोहोलने तिखट आणखी झोंबतं आणि तुरटपणा टोचतो. तिथे किंचित गोडसर, गार शेनिन बरी.

उरलेली बाटली, रेड असो वा व्हाइट, बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. त्यानंतर ती मटण मुरवायला वापरा.