मंगळाची कक्षा खऱ्या मापात काढून पाहा

ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असतात, हे शाळेतच पाठ होतं. पण पुस्तकातली आकृती इतकी चपटी असते की वाटतं, एवढी उघड गोष्ट इतकी शतकं कुणाला कशी कळली नाही? योहानेस केपलरने १६०९ साली ‘ॲस्ट्रोनोमिया नोव्हा’ या ग्रंथात मंगळाची जी कक्षा मांडली, ती एकदा हाताने काढा, म्हणजे कळेल.

जाड ड्रॉइंग पेपर, खाली पुठ्ठा, दोन टाचण्या, न ताणणारा बारीक दोरा, कंपास, पट्टी आणि टोक केलेली पेन्सिल घ्या.

१. कागदावर १० सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा आणि मध्यातून आडवी रेघ मारा.

२. मध्याच्या डावीउजवीकडे रेघेवर ९.३ मिलिमीटरवर एकेक खूण करा. या दोन नाभी, म्हणजे लंबवर्तुळ ज्यांच्याभोवती काढायचं ते बिंदू. डावीकडची सूर्याची, उजवीकडची रिकामी.

३. आता दोऱ्याचं कडं. इथे घाई करू नका, सगळं या गाठीवर आहे. एक टाचणी सूर्याच्या खुणेवर रोवा, दुसरी रेघ वर्तुळाला उजवीकडे जिथे छेदते तिथे. दोघींभोवती दोरा ताणून गाठ मारा. कडं बरोबर मापाचं होतं, वेगळं मोजावं लागत नाही.

४. दुसरी टाचणी काढून रिकाम्या नाभीवर रोवा. कड्यात पेन्सिल अडकवा, दोरा ताणलेला ठेवून फिरवा.

नवी रेघ जवळजवळ वर्तुळावरच पडेल. सर्वांत जास्त फरक वर आणि खाली, तोही ०.४३ मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीच्या रेघेएवढाच! चटकन दिसतं ते सूर्याचं मध्यावरून सरकणं: डावं टोक त्याच्यापासून ९.०७ सेंमीवर, उजवं १०.९३ वर.

केपलरला हा फरक सापडला तो डॅनिश खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेने केलेल्या मंगळाच्या नोंदींमुळे. त्या दुर्बिणीशिवाय, नुसत्या डोळ्यांनी घेतलेल्या. आधी केपलरने वर्तुळ धरूनच गणित बसवलं होतं. ते नोंदींपासून ८ कलांनी (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) चुकत होतं. पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा हा साधारण पाव भाग. दुसरा कुणी एवढ्यावर समाधान मानून पुढे गेला असता. टायकोची नोंद इतकी चुकणार नाही, हे केपलरला पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्याने आपली वर्षांची मेहनत बाजूला ठेवली. मला या ग्रंथातलं हेच सर्वांत मोठं वाटतं.

५. वेगही कागदावर दिसतो. डाव्या टोकाशी कक्षेवर ३ सेंमी मोजा, उजव्या टोकाशी अडीच. दोन्हींची टोकं सूर्याशी जोडा. जवळचा त्रिकोण रुंद, लांबचा निमुळता, पण क्षेत्रफळ दोघांचं साधारण साडेतेरा चौरस सेंमी. सूर्याशी जोडलेली रेघ सारख्या वेळात सारखंच क्षेत्रफळ व्यापते, म्हणून दोन्ही अंतरं कापायला मंगळाला सुमारे ३० दिवसच लागतात. पूर्ण फेरी ६८७ दिवसांची.

फरक डोळ्यांनी पाहायचाच असेल तर गच्चीवर सगळी मापं दहापट करा: त्रिज्या १ मीटर, नाभी मध्यापासून ९.३ सेंमीवर. टाचण्यांच्या जागी दोघांनी खिळे घट्ट धरायचे. खडू नको, त्याची रेघ फार जाड, इथेही पेन्सिलच. दोन रेघा आडव्या टोकांना एकमेकींना टेकायला हव्यात, नाहीतर गाठ पुन्हा मारा. मग वरच्या बाजूला पट्टी लावा: चार मिलिमीटरच्या थोडं वर.