साध्या टेक्स्ट नोंदींसाठी तीन छोट्या स्क्रिप्ट

नोंदींसाठी आणखी एक ॲप शोधण्याआधी संगणकावर एक फोल्डर करा आणि सगळं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, युटीएफ-८ (मराठीसकट सगळ्या लिप्या साठवणारी अक्षरपद्धत) मध्ये लिहायला लागा. लिनक्स आणि मॅकवर टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, असतंच. विंडोजवर डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय, बसवून घ्या.

पहिली स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने चालणाऱ्या कमांडची फाइल, नवी नोंद उघडण्यासाठी. तुम्ही फक्त विषय द्यायचा. ती डेट कमांडकडून आजची तारीख घेते, पुढे विषय जोडून फाइलचं नाव तयार करते आणि नॅनो या टर्मिनलमधल्या साध्या संपादकात फाइल उघडते. पहिल्या ओळीत बॅशचा (स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामचा) पत्ता आणि चीमॉड (chmod) कमांडने दिलेली चालवण्याची परवानगी विसरू नका. तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने, दोन आकडी महिन्यासह ठेवा. दिवस आधी लिहिला तर यादीत १ जानेवारीला खेटून १ फेब्रुवारी येऊन बसते. नावात मोकळी जागा नको.

दुसरी शोधासाठी. ग्रेप ही कमांड १९७३च्या युनिक्समध्येही होती आणि आजही तिच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. 'आर' पर्यायाने ती आतली सगळी फोल्डरं धुंडाळते, 'एन'ने ओळीचा क्रमांक देते. मराठीत मात्र एक खोडा आहे. 'दुसऱ्या', 'पायऱ्या' यांतला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारी जोडखूण, झेडडब्ल्यूजे. पडद्यावर दोन्ही सारखेच, ग्रेपला मात्र वेगळे. शब्द समोर असूनही सापडत नाही! म्हणून सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडने सगळ्या नोंदींत दुसरा प्रकार बदलून पहिला करा, आणि शोधायच्या शब्दावरही स्क्रिप्टमध्ये तोच बदल आधी लावा. सेडच्या 'आय' पर्यायाला जागा न सोडता '.बॅक' जोडलंत तर जुनी प्रत शिल्लक राहते. तपासून झालं की त्या प्रती काढा, नाहीतर प्रत्येक ओळ शोधात दोनदा येईल.

तिसरी गिटची, म्हणजे फाइलींमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्रामची: ॲड (बदल निवडणं) आणि कमिट (ते इतिहासात नोंदवणं), दोनच ओळी. बरेच जण ती क्रॉनवर (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या सोयीवर) रात्री लावतात, पण रात्री लॅपटॉप बंद असतो. त्यापेक्षा पहिल्या स्क्रिप्टच्या शेवटी जोडा. नोंद मिटली की कमिट. गिटचा इतिहास त्याच डिस्कवर असतो, तेव्हा अधूनमधून आरसिंक या नकल करणाऱ्या कमांडने आख्खं फोल्डर, आतल्या लपलेल्या गिट फोल्डरसकट, पेन ड्राइव्हवर उतरवा.