जुनी ‘मिशन: इम्पॉसिबल’ मालिका पुन्हा बघायची असेल तर

सुरुवात टीव्हीच्या सेटिंगपासून करा. अशक्य वाटणाऱ्या कामगिऱ्या पार पाडणाऱ्या गुप्त पथकाची ही मालिका १९६६ ते १९७३ या काळात अमेरिकेत सीबीएस या वाहिनीवर चालली, आणि तिचं चित्र तेव्हाच्या जवळजवळ चौकोनी पडद्यासाठी आहे. ते ताणून रुंद केलं की माणसं बुटकी आणि जाडी दिसतात. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहिले तरी राहू द्या. हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंगही बंद करा.

दुसरं, शीर्षकं वगळू नका. मी संकलनाचं काम करते आणि इतकं धीट शीर्षक-संकलन मला आजही क्वचितच दिसतं. काडी पेटते, वात जळू लागते आणि पुढे घडणाऱ्या त्याच भागातली दृश्यं निमिषभर चमकून जातात. लालो शिफ्रिनचं संगीत पाच मात्रांचं आहे. बोटाने ठेका धरून बघा, दर वेळी पाचव्या मात्रेवर आपण पुढे ढकलले जातो. भाग संपला की शीर्षकं परत लावा. ज्या तुकड्यांचा मघाशी काहीच अर्थ लागला नव्हता, ते आता ओळखीचे वाटतील.

पहिल्या भागापासून क्रमाने बघण्याचा हट्ट नको. पहिल्या पर्वातला ‘ऑपरेशन रोगोश’ आधी बघा. लॉस एंजेलिसमध्ये संहार घडवायला आलेल्या माणसाला पथकातले लोक पटवून देतात की मधे तीन वर्षं गेली आहेत आणि तो स्वतःच्याच देशातल्या तुरुंगात आहे. पहिल्यांदा बघताना आपलं लक्ष पथकाच्या युक्त्यांवर असतं. दुसऱ्यांदा फक्त रोगोशच्या चेहऱ्याकडे बघा. मारामारी जेमतेम आहे. सगळा थरार त्याला शंका कधी येते आणि ती कशी विझवली जाते, यात आहे. याच नजरेने मग तिसऱ्या पर्वातला ‘द माइंड ऑफ स्टीफन मिक्लॉस’ बघा. तो अवघड आहे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बसा, एक दुवा निसटला तरी पुढचं कळत नाही.

बार्नी कोलियरचे हात बघायला विसरू नका. ग्रेग मॉरिसने साकारलेला पथकातला हा कृष्णवर्णीय इंजिनिअर कुठल्या तरी पोकळीत शिरून तारा जोडत असतो, आणि बराच वेळ कुणी अवाक्षर काढत नाही. नागरी हक्क कायदा झाला १९६४ साली, ही मालिका आली त्यानंतर दोनच वर्षांनी. अख्खी योजना ज्याच्या कौशल्यावर उभी आहे असा माणूस तेव्हा दर आठवड्याला घराघरांत दिसत होता, हे मला फार मोलाचं वाटतं. पथकातली सिनॅमन कार्टर झालेल्या बार्बरा बेनला १९६७, ६८ आणि ६९ असे सलग तीन एमी हे टीव्हीचे पुरस्कार मिळाले. का मिळाले, ते ती गप्प असतानाच्या क्लोजअपमध्ये कळतं.

खटकणाऱ्या गोष्टींकडेही डोळेझाक करू नका. काल्पनिक देशांत शिरून हे लोक तिथल्या सत्तेत ढवळाढवळ करतात. पकडले गेलात तर आम्ही तुम्हाला ओळखत नाही, हे कामगिरी सोपवणाऱ्या टेपवर आधीच सांगितलेलं असतं. पण यांना हा अधिकार दिला कुणी, हे कुणीच विचारत नाही. तो प्रश्न आपण विचारायचा, दर भागाला.

एका बैठकीत एकच भाग पुरे. साचा ठरलेला असल्यामुळे सलग बघितलं की चव जाते. शेवटच्या दोन पर्वांत बहुतेक अमेरिकेतल्याच गुन्हेगारी टोळ्या आहेत, त्यातले मी निवडकच बघते.

पाचव्या पर्वाच्या सुरुवातीचा ‘द किलर’ मात्र चुकवू नका. यातला मारेकरी प्रत्येक निर्णय फासे टाकून घेतो, त्यामुळे आधी आखलेली योजना निरुपयोगी ठरते. त्याने हॉटेल निवडलं की तो पोहोचायच्या आत पथकाने आपल्या इमारतीवर त्या हॉटेलचं नाव चढवायचं! १९८८ मध्ये लेखकांच्या संपामुळे जुन्या पटकथा घेऊन मालिका पुन्हा सुरू झाली, तेव्हा पहिला भाग याच कथेचा केला गेला. दोन्ही मिळाले तर लागोपाठ बघा, जुना आधी.